फोटोतली टाकी आणि घरातली टाकी

ॲक्वेरियमला आपण मराठीत मत्स्यालय म्हणतो. माशांचं घर. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलं, त्यांच्या डोळ्यांसमोर काच, मासे आणि पुढच्या मुलाचं डोकं एवढंच येतं. तिथे काही पानं हलत होती का, हे कुणाला आठवत नाही. घरच्या टाकीतही वनस्पती म्हणजे दुकानातून आणलेली हिरवी प्लास्टिकची झुडपं आणि बुडबुडे सोडणारा एक पाणबुड्या. शब्दातच वनस्पतींना जागा नाही, मग टाकीत कुठून असणार?

नेदरलँड्समध्ये याच्या नेमकी उलट परंपरा आहे. इथल्या जाणत्या छंदिष्टांच्या टाकीत वनस्पती यजमान असतात आणि मासे पाहुणे. अशा टाकीला मी या लेखापुरतं ‘पाणबाग’ म्हणते. इथे आणि शेजारच्या जर्मनी-बेल्जियममध्ये राहणारी आपली बरीच मंडळी पहिलं बऱ्यापैकी घर मिळालं की पाणबाग लावायला घेतात. कुत्रा पाळायला घरमालकाची परवानगी लागते, बाल्कनी हिवाळ्यात उजाड होते, आणि नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार पडला की घरात काहीतरी हिरवं आणि उजेडाचं हवंसं वाटतं. कारण अगदी समजण्यासारखं आहे. माझी तक्रार त्यापुढच्या पायरीबद्दल आहे. सुरुवात करणाऱ्याच्या हाती सगळ्यात आधी एक फोटो पडतो, आणि त्या फोटोच्या मापाने तो स्वतःची टाकी मोजत राहतो. हा लेख त्या मापाची समीक्षा आहे.

तो फोटो बहुतेक वेळा एकाच घराण्यातला असतो. जपानमधल्या निगाता इथल्या ताकाशी अमानो यांनी ते सुरू केलं. अमानो (१९५४–२०१५) आधी व्यावसायिक सायकलशर्यतपटू होते, मग मोठ्या कॅमेऱ्याने जंगलांचे फोटो काढणारे छायाचित्रकार झाले, आणि १९८२ साली त्यांनी पाणबागेचं साहित्य बनवणारी कंपनी काढली. आपल्या शैलीला त्यांनी ‘नेचर ॲक्वेरियम’ हे नाव दिलं. दगड किंवा वाळकी लाकडं, त्यांच्या पायाशी हिरवळ, मागे बरीचशी मोकळी जागा आणि त्यातून जाणारा बारक्या माशांचा थवा. चौकट लहान, पण बघणाऱ्याला डोंगर दिसतो. यातली ‘इवागुमी’ म्हणजे नुसत्या दगडांची मांडणी तर इतकी साधी दिसते, की तीन दगड आणि एक गवत, हे मलाही जमेल, असं कुणालाही वाटावं.

अमानोंच्या कामाबद्दल मला आदर आहे. लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी, खुली झालेली त्यांची शेवटची मोठी टाकी ४० मीटर लांब आहे आणि तिच्यात १,६०,००० लिटर पाणी आहे. ती एका दिवसाच्या फोटोसाठी केलेली नाही. रोज हजारो लोकांसमोर ती वाढते आणि कापली जाते. शेवाळ खाणारी जी छोटी कोळंबी आज जगभर अमानोंच्या नावाने विकली जाते, ती त्यांनी टाकीत आणली, कारण शेवाळ हा रोजचा प्रश्न आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोष कलावंताचा नाही. त्यांच्या कलेचा निवाडा ज्या रीतीने होऊ लागला, त्या रीतीचा आहे.

२००१ पासून अमानोंच्या कंपनीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. प्रवेशिका म्हणजे समोरून काढलेला एक फोटो. गुण देताना माशांच्या नैसर्गिक अधिवासाला मोठं वजन असतं, आणि मांडणी दीर्घकाळ टिकेल का हाही एक निकष आहे. माझा व्यवसाय मोजमापाच्या पद्धतींचा आहे. एखाद्या गोष्टीला गुण देताना आपण नेमकं काय मोजतो आहोत, हा प्रश्न विचारण्याचेच मला पैसे मिळतात. म्हणून इथे मी अडखळते. माशाला ते घर मानवतं की नाही, हे एका क्षणाच्या फोटोतून कसं कळणार? मांडणी टिकेल हे, तिच्या आयुष्यातला एकच दिवस पाहून कसं ठरवणार? फोटोच्या दिवशी फिल्टरच्या नळ्या आणि हीटर बाहेर काढतात, काच आतून घासतात, पाण्यावर छान तरंग उठावेत म्हणून हेअरड्रायरचा वारा सोडतात. यात फसवणूक नाही, फोटो काढण्याचा तो रिवाज आहे. लग्नाच्या अल्बममध्ये मांडवामागची भांडी दिसत नाहीत, तसंच. पण अल्बम पाहून कुणी संसाराला गुण देत नाही.

नवख्या माणसाचं नुकसान इथे होतं. त्याला हवी असते ती फोटोतली टाकी, म्हणजे चौथ्या किंवा पाचव्या महिन्यातला एक निवडक दिवस. त्याच्याकडे असतो पहिला आठवडा. शिवाय जी मांडणी सगळ्यात साधी दिसते तीच सगळ्यात अवघड. इवागुमीत झाडं थोडी आणि हळू वाढणारी, उजेड मात्र भरपूर. पाण्यातलं खत खाऊन टाकायला पुरेशी पानं नसतात, म्हणून ते काम शेवाळ करतं. तिसऱ्या आठवड्यात दगडांवर तपकिरी थर चढतो, काच हिरवी होते, आणि माणूस म्हणतो, आपल्या हाताला गुण नाही. हाताचा काही दोष नसतो. त्याने मोजपट्टी चुकीची धरलेली असते.

डच परंपरेची मोजपट्टी वेगळी आहे. डच शैलीची टाकी पाहिल्यावर आधी थोडा अपेक्षाभंग होतो. दगड जवळजवळ नाहीत, डोंगर-दऱ्यांचा आभास नाही. झाडांचे गट, एकाशेजारी एक: लाल पानांशेजारी पोपटी, रुंद पानांशेजारी सुयांसारखी, पुढे बुटकी, मागे उंच. त्यातून एखादी गल्ली तिरकी मागे जाते, बहुतेक वेळा लोबेलियाची, आणि खोलीचा भास देते. तिला लायडन शहराच्या नावाने ओळखतात. हे निसर्गाचं चित्र नाही, सरळसरळ बाग आहे, वाफे आखलेली. ट्युलिपची शेतं ज्यांनी आखली, त्यांचाच हा हात.

पण माझ्या दृष्टीने डच परंपरेचं मोठेपण मांडणीत नाही, परीक्षणात आहे. इथल्या छंदिष्टांच्या संघटनेच्या स्पर्धेत परीक्षक घरी येतात. टाकीसमोर बसतात. माशांची तब्येत बघतात, एकत्र ठेवलेले मासे एकमेकांना आणि त्या पाण्याला मानवणारे आहेत का ते बघतात, पाणी मोजतात, झाडांची वाढ बघतात आणि मग मांडणीकडे वळतात. जिवंत गोष्टीला गुण द्यायचे तर तिच्या घरी जायला हवं, एवढा साधा विचार त्यामागे आहे. हीटर काढून ठेवून इथे काही साधत नाही. पान खालून पिवळं पडलेलं असेल तर ते परीक्षकाला बाजूच्या काचेतून दिसतं.

घरी येणाऱ्या परीक्षकाच्या नजरेने पाहिलं, तर पहिल्या सहा आठवड्यांचा अर्थच बदलतो. त्या काळात टाकीत सुंदर काही घडत नाही, पण महत्त्वाचं सगळं तेव्हाच घडतं. सडणारी पानं, माशांची विष्ठा आणि कित्येकदा नवी कोरी पोषक माती यांतून अमोनिया सुटतो. तो माशांना मारक. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, तेही मारक. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते पुष्कळ सौम्य, आणि झाडांचं खत. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूच्या कणांवर वस्ती करतात, आणि वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत झाडं असावीत, मासे नसावेत. चाचणीच्या थेंबांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की मग थोडे मासे. हे वाट बघणं फोटोत येत नाही, म्हणून ते टाळलं जातं, आणि त्याची किंमत मासे देतात. छंद म्हणून जीव पाळायचा तर एवढं तरी त्यांचं देणं लागतं.

अमोनियाशी टिलबर्गचं नातं जुनं आहे. हे लोकरीचं शहर होतं. लोकर धुण्यासाठी, तिच्यातला मेणचटपणा काढण्यासाठी अमोनिया लागायचा, आणि त्याचा स्वस्त साठा म्हणजे साठवून मुरवलेलं मूत्र. कामगार ते घरून मडक्यांत भरून गिरणीत आणत. त्यावरून टिलबर्गकरांना पडलेलं टोपणनाव म्हणजे ‘क्रौकेनझायकर’, मडक्यात मुतणारे. आता ते अभिमानाने मिरवतात. कार्निव्हलच्या दिवसांत शहराचं नावच ‘मडक्यांचं शहर’ होतं. ताजं मूत्र गिरणीच्या उपयोगाचं नव्हतं. ते काही दिवस राहू द्यायचं, जिवाणूंना त्यांचं काम करू द्यायचं, मग त्यातून अमोनिया मिळायचा. सूक्ष्मजीवांच्या सवडीने चालावं लागतं, हे या गावाला नाव ठाऊक नसतानाही ठाऊक होतं.

आणि ते जिवाणू नेमके कोण, हे विज्ञानालाही अजून पुरतं कळत होतंच. हे काम दोन वेगळ्या गटांनी दोन टप्प्यांत करायचं, असं विनोग्राड्स्कीच्या १८९० च्या सुमाराच्या प्रयोगांपासून शिकवलं जाई. २०१५ साली दोन संशोधक गटांनी एकाच वेळी दाखवलं की दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा जिवाणू असतो. त्यांतल्या एका गटात इथून फार दूर नसलेल्या नायमेखनच्या विद्यापीठातले संशोधक होते, आणि त्यांना तो सापडला मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरमध्ये. शंभरावर वर्षं आपण ज्याला साधा स्पंज समजत होतो, त्यात पाठ्यपुस्तक बदलणारी गोष्ट बसली होती. हीसुद्धा समोरच्या काचेतून दिसणारी नव्हती.

जे दिसतं, त्याचीही इथे एक जुनी ओळख आहे. टाकी जमली की दुपारनंतर पानांवर चांदीचे बारीक मणी धरतात आणि सुटून वर जातात. फोटोग्राफर या क्षणाची वाट बघतात. टिलबर्गहून रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांवर ब्रेडा आहे. तिथे १७३० साली जन्मलेल्या यान इंगेनहाउझ या डॉक्टरने १७७९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पाण्यात बुडवलेल्या पानांवर शेकडो प्रयोग केले. उन्हात बुडबुडे येतात, अंधारात थांबतात, आणि कारण उन्हाची ऊब नसून उजेड आहे, हे त्याने दाखवलं. प्रकाशसंश्लेषणाचा धडा पाण्यात बुडालेल्या पानावरच लिहिला गेला. पण इंगेनहाउझने एक चांगला बुडबुडा पाहून हात आखडला नाही. त्याने तेच पान उन्हात, सावलीत आणि रात्री पाहिलं. एका वेळचं पाहणं आणि वेळोवेळी पाहणं यातला फरक सांगायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

फोटोला जशी वेळ नसते, तसं गावही नसतं. त्याच्यासोबत येणारे सल्लेही बिनगावचे असतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला औषध टाका, हा पहिला सल्ला. पुण्या-मुंबईच्या नळाला तो योग्यच आहे, वासावरूनच कळतं. नेदरलँड्समध्ये मात्र नळाच्या पाण्यात क्लोरीन ठेवत नाहीत, आणि इथल्या ब्राबांट प्रांतात ते खोल भूजलातून येतं. इथे विचारायचा प्रश्न वेगळा: पाणी किती जड आहे? पाणीपुरवठा कंपनी पिनकोडवरून तो आकडा सांगते, जर्मन अंशांमध्ये. आधी पाणी बघावं, मग त्याला मानवणारी झाडं आणि मासे निवडावेत. आपल्या आजीने हेच केलं असतं. तिने काळ्या मातीत हापूस लावायचा हट्ट धरला नसता.

किंबहुना आपल्याला हा छंद परका नाहीच. स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटलीतल्या पाण्यात वाढलेला मनीप्लांट ही निम्म्या मराठी घरांतली पहिली पाणबाग. शेंडा खुडून पुन्हा खोचायचा, की झाड दाट होतं, हे ज्याने जास्वंदीवर केलंय, त्याला टाकीतली लांब दांड्यांची झाडं छाटायला शिकवावं लागत नाही. सुरुवातीला हायग्रोफिला घ्यावी. ही आपल्या तालिमखान्याची बहीण, भराभर वाढते आणि शेवाळाच्या तोंडचा घास पळवते. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिन, लाकडाला बांधायचं अनुबियास आणि जावा फर्न. अनुबियास आणि फर्नचा आडवा कोंब वाळूत पुरायचा नाही, नाहीतर कुजतो. दिवा सहा ते आठ तास, घड्याळाच्या बटणावर. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. कर्बवायूचा सिलिंडर पहिल्याच दिवशी लागत नाही. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी तर १९९९ च्या आपल्या पुस्तकात साधी माती, भरपूर झाडं आणि कमीत कमी यंत्रं यांवर टाकी कशी चालते ते सविस्तर मांडलं आहे.

पहिल्या काही आठवड्यांत नव्या झाडांची पानं विरघळतात, विशेषतः क्रिप्टोकोरिनची. रोपवाटिकेत ती बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. बुडवल्यावर जुनी पानं टाकून ती पाण्यातली नवी पानं काढतात. परदेशात राहणाऱ्या लेखकाला इथे स्थलांतराची उपमा सुचणारच. मी ती वापरत नाही, कारण झाड काही सोसत नाही. त्याला दोन्ही जगांत राहता येतं, ते फक्त ऋतू बदलल्यासारखं वागतं.

ऋतू या शब्दापाशी मला ‘नेचर ॲक्वेरियम’ या नावावरचा माझा मुख्य आक्षेप सापडतो. आपल्या सड्यांवर, कासच्या पठारावर, पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ पाण्यात रोटाला, गेंद, वायतुरा उगवतात. रोटाला आणि गेंद यांचे भाऊबंद पाणबागवाल्यांच्या विशेष आवडीचे, आणि वायतुऱ्याच्या कुळातली झाडंही दुकानात असतात. पण सड्यावरचं पाणी दिवाळीनंतर आटतं. झाड बी किंवा कंद होऊन जांभ्याच्या भेगेत झोपतं. त्याच्या निसर्गात वैशाख आहे. टाकीत मात्र बारमाही श्रावण. याला निसर्ग म्हणणं म्हणजे अर्धं वर्ष झाकून ठेवणं. डच माणूस याला बाग म्हणतो, आणि बाग म्हटलं की माळी आला, कात्री आली, जबाबदारी आली. नाव प्रामाणिक असलं की काम कुणाचं ते कळतं.

ही जबाबदारी काचेबाहेरही जाते. युरोपातल्या दुकानांत काळ्या पट्ट्यावर लाल रेघ असलेला एक देखणा मासा मिळतो, ‘मिस केरला’ नावाने. तो केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या डोंगरी ओढ्यांचा. २०१३ साली त्याच्यासाठी नवी प्रजाती मांडली गेली, तिचं नाव ‘सह्याद्रिया’. मांडणाऱ्या चौघांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी झालेली बेसुमार पकड हे त्याच्या संकटाचं एक मोठं कारण, आणि जागतिक यादीत तो धोक्यात आलेला म्हणून नोंदलेला आहे. तो पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, थव्याने राहतो, साठ लिटरच्या टाकीत त्याला जागाच नाही. आता पैदास केलेलेही मिळतात, म्हणून घेण्याआधी कुठून आला ते विचारावं. उलट्या दिशेचा धोकाही आहेच. पुण्याच्या नद्या गुदमरवणारी जलपर्णी आणि टाकीत एकेकाळी आवडती असलेली काबोम्बा या दोन्हींवर युरोपीय संघाने २०१६ साली बंदी घातली. छाटलेली पानं टिलबर्गच्या कालव्यात टाकायची नाहीत, कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकायची.

शेवटी, हे सगळं माझ्यासारख्यांना का लागतं त्याबद्दल. आम्ही पोस्टडॉक मंडळी दोन-तीन वर्षांच्या करारावर जगतो. पुढचं गाव माहीत नसतं. फोटोतली टाकी आम्हाला सोयीची वाटते, कारण आमचं सगळंच फोटोसारखं चाललेलं असतं: एक शोधनिबंध, एक ओळ, पुढची मुलाखत. मागची काच कुणी बघत नाही. घर बदलायचं तर टाकी रिकामी करावी लागते, म्हणून कायमची नोकरी लागल्यावर लावू, असं अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. साठ लिटरची टाकी एका दिवसात उपसता येते. फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात ओला ठेवला तर जिवाणूंची वस्तीही बरीचशी सोबत नेता येते. दोन वर्षं कशाची तरी नीट निगा राखायला कायमचा पत्ता लागत नाही.

तेव्हा नव्याने पाणबाग लावणाऱ्याला एवढंच सांगावंसं वाटतं. भिंतीवर कुणाच्या टाकीचा फोटो लावू नका, टाकीशेजारी एक वही ठेवा: तारीख, पाण्याचे आकडे, कुठलं पान गेलं, कुठलं आलं. आणि सहा महिन्यांनी फोटो पाठवण्याऐवजी कुणाला तरी घरी बोलवा. इथल्या रीतीप्रमाणे आठवडाभर आधी वेळ ठरवा, कॉफी करा. पाहुण्याला समोर बसवू नका, बाजूला बसवा. बाजूच्या काचेतून वाळूतली मुळं दिसतात, फिल्टरची नळी दिसते, आणि पानाआड थांबलेला एखादा मासाही.